संगमेश सरांचा दुसरा डबा

संगमेश सर अजून जिवंत आहेत, धडधाकट आहेत, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मेले असते तर चार शब्द गोड लिहावे लागले असते, आणि ते मला जमले नसते.

नांदेडच्या ज्या एक्स-रे सेंटरमध्ये मी कामाला होते, तिथले ते कॉम्प्युटरवाले. राहायला लातूरला. काही अडलं की त्यांना फोन करायचा, ते 'आत्ता निघालो' म्हणायचे आणि तिसऱ्या दिवशी एसटीने उतरायचे. माझं काम झाडणं-पुसणं, चहा करणं आणि म्हाताऱ्या पेशंटला मशीनसमोर धरून उभं करणं. माझं शिक्षण चौथी. त्यांचं किती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कार्डावर नावाआधी 'इंजिनिअर' छापलेलं होतं. एकदा विचारलं, "सर, कोणत्या कॉलेजात शिकले?"

"ह्यातलं शिक्षण कॉलेजात मिळत न्हाई की ओ मावशी," ते म्हणाले.

खरं असेल. पण त्यांना ते बाहेरही कुठे मिळालेलं दिसत नव्हतं.

आमच्याकडे मशीनच्या खोलीत पायताण चालत नसे. डॉक्टरसुद्धा दाराशी चपला काढत. सरांचे बूट मात्र आत येत. तपकिरी, पुढून टोकदार, वरून आरशासारखे आणि खालून काळ्या मातीने भरलेले. मी म्हणायची, "सर, बूट." ते म्हणायचे, "दोनच मिनटं मावशी, लगेच निघायचं हाय." दोन तास बसायचे. गेल्यावर मी त्यांचे ठसे पुसत दारापर्यंत जायची.

आल्या आल्या ते टेबलाखाली शिरत. प्रिंटर अडकलेला असो, पडदा काळा पडलेला असो, औषध एकच. गुडघ्यावर पँट चिमटीत धरून वर ओढायची, वाकायचं आणि आत जायचं. बाहेर फक्त बुटांचे तळवे. आतून वायरी ओढल्याचा, खोचल्याचा आवाज. टेबलाखाली गेलेल्या माणसाचं तोंड कुणाला दिसत नाही, हा त्यातला फायदा. मग बाहेर येऊन गुडघे झटकायचे आणि म्हणायचं, "झालं. सिस्टीम आपली ए-वन हाय." नंतर चहा. "साखर कमी, मावशी." कप हातात दिला की स्वतःच डब्यातून दोन चमचे घालून घ्यायचे.

प्रत्येक वस्तूवर ते आपल्या नावाचा, फोन नंबरचा स्टिकर चिकटवत. पडद्यावर, प्रिंटरवर, भिंतीतल्या बटणांच्या पाटीवर. एकदा माझ्या चहाच्या थर्मासवर दिसला.

"सर, हे कामून?"

"असू द्या. नाव होतं."

नवा स्टिकर लावताना जुना काढत नसत, त्याच्यावरच चिकटवत. वायरींचंही तेच. नवी टाकली की जुनी तिथेच लोळत पडायची. टेबलाखाली झाडू घातला की गुंताड्यात अडकायचा. "यातली चालू कोणची, मेलेली कोणची?" मी विचारलं तर मान ताठ करून म्हणाले, "मावशी, आपण बसवलेलं आपण काढत न्हाई." जसं काही देवळाचा कळस बसवला होता.

काढलं की आपण चुकीचं बसवलं होतं असं दिसतं, एवढीच त्यातली गोष्ट. हे मला त्यांच्याआधी कळलं होतं.

आता डब्याचं सांगते. काढलेले सगळे एक्स-रे एका डब्यात जमा होत. बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा, कोपऱ्यात, पुढे हिरवा दिवा. सेंटरमधले सगळे कॉम्प्युटर वायरीतून त्या डब्याशी जोडलेले. पेशंटचा मागच्या वर्षीचा फोटो बघायचा असला की कॉम्प्युटर डब्याला मागतो आणि डबा देतो. हा डबा सरांनी बसवला. एका उन्हाळ्यात तो बंद पडला. त्यांनी नवा आणला, आणि जुन्यातले फोटो आठवडाभर बसून नव्यात आणले. हे काम त्यांनी चांगलं केलं. एवढं एकच.

मग जुना डबा भंगारात जायला हवा होता. तो गेला नाही. सरांनी तो वरच्या फळीवर ठेवला आणि डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, जुना बी दुरुस्त करून चालू ठेवलाय. आता दोन डबे. एक गेला तर दुसरा. डबल सेफ्टी." डॉक्टर खूश. कुणी पाहुणे डॉक्टर आले की सांगायचे, आमच्याकडे दोन आहेत.

फळी पुसायला मीच चढायची. त्या डब्याला वायर नव्हती, दिवा नव्हता. पण मोबाईल वायरीशिवाय चालतो, तसा हाही चालत असेल, असं मी धरून चालले. ही माझी चूक. कमी शिकलेल्या माणसाला समोर धडधडीत दिसत असलं तरी वाटतं, आपल्याला कळत नसेल.

दसऱ्याला सेंटरमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. सर मुद्दाम लातूरहून यायचे, झेंडूचे हार घेऊन. नव्या डब्याला हळदकुंकू, हार. मग स्टुलावर चढून फळीवरच्या जुन्यालाही हळदकुंकू. वर आणखी एक स्टिकर.

सुजाता आली ती यानंतर. भोकरची पोरगी, एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स केलेली. रोज रेल्वेने येजा करायची. तिच्या घरात महिन्याला ठरलेला पगार आणणारी ती पहिलीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "सहा महिने काम बघतो. मग कायम करतो." ती ते सहा महिने बोटांवर मोजत होती. चार बरे गेले. मग अडचण सुरू झाली.

डॉक्टरांनी तेव्हाच नवा नियम काढला होता की एक ते दोन जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटर झोपले पाहिजेत. लाईट जायची, इन्व्हर्टरवर भार नको, म्हणून. बंद नाही करायचा, नुसता झोपवायचा. हात लावला की उठतो. दोन वाजता सुजाता हात लावायची, पडदा उजळायचा, पण डब्यातले फोटो उघडायचे नाहीत. गोल चक्र फिरत राहायचं. बाहेर पेशंट. कुणी कमरेला हात लावून उभा, कुणी खोकतोय. मी तेव्हा दुपारचा चहा ठेवायची. पातेलं गॅसवर चढवलं, उकळलं, गाळून कपांत भरलं, तरी चक्र फिरतच असायचं. मग एकाएकी सगळं उघडायचं, आणि पुढच्या झोपेपर्यंत सुरळीत चालायचं.

डॉक्टर घरून जेवून अडीचला यायचे. त्यांच्या खोलीतला कॉम्प्युटरही झोपलेला असायचा. तो हात लावताच उघडायचा. बाहेर येऊन म्हणायचे, "माझा उघडतो, तुझाच का उघडत नाही?" 

सरांना बोलावलं. ते टेबलाखाली शिरले. वायर बदलली. "झालं." दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा चक्र. परत आले, आणखी एक लुकलुकणारी डबी जोडून गेले. मला झाडायला आणखी एक वस्तू. चक्र तसंच.

तिसऱ्या वेळी त्यांनी सुजाताला बाजूला घेतलं. मी कप विसळत होते, मला ऐकू गेलं.

"असं कर. त्याला झोपूच देऊ नको. जेवताना अधूनमधून माऊस हलवत बस."

"साहेबांचा नियम हाय सर."

"साहेबांना कशाला सांगायचं? मी सांगतो ना. जिम्मेदारी माझी."

तेव्हापासून ती पोरगी उजव्या हाताने भाकरी खायची आणि डाव्या हाताने माऊस हलवायची. उठून हात धुवायला गेली तर मला सांगून जायची, "मावशी, जरा हलवा." मीही हलवला आहे. पाळण्यातल्या पोराला झोपवण्यासाठी हलवतात. आम्ही दोघी एका यंत्राला झोप लागू नये म्हणून हलवत होतो. इंजिनिअर माणसाने सुचवलेला हा इलाज.

तीन आठवडे गेले. एके दुपारी जेवणाच्या वेळीच लाईट गेली, ती दोन वाजून गेले तरी आली नाही. इन्व्हर्टर संपला. आत एक बाई हात धरून मशीनसमोर बसलेली, सगळं अंधारात. डॉक्टर आले, चौकशी केली. कॉम्प्युटर जेवणाच्या वेळी जागाच असतो हे निघालं.

"कुणी सांगितलं तुला?"

"संगमेश सरांनी."

डॉक्टरांनी तिच्यासमोर फोन लावला, आवाज मोठा करून. सर हसले. मला अजून ते हसू ऐकू येतं.

"मी असं कसं सांगीन साहेब? इन्व्हर्टरचं मला माहीत न्हाई का? युजर प्रॉब्लेम हाय हो. पोरींना बसल्या जागी खेळ लागतो."

सुजाताने मान खाली घातली. मी बोलायला हवं होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण डॉक्टर तापलेले होते, आणि मी कपबशा घेऊन आत गेले. डॉक्टर तिला म्हणाले, "महिनाअखेरीपर्यंत बघतो. नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." महिना संपायला नऊ दिवस होते.

त्या रागाने मी नीट बघायला लागले. स्वतःचा राग होता तो, बाकी काही नाही. रोज दोन्ही खोल्या मीच पुसायची. डॉक्टरांचा उठतो, पोरीचा अडतो. डबा एकच, वायर तशीच. मग फरक काय? डॉक्टरांचा कॉम्प्युटर नवा होता. केव्हा आला ते मला पक्कं आठवत होतं, कारण त्याचा खोका गोधड्या ठेवायला मी घरी नेला होता. जुना डबा फळीवर गेला, त्याच्या नंतरच्या महिन्यात.

दुसऱ्या दिवशी सुजाताच्या पडद्याकडे बोट केलं. तिथे दोन डब्यांची चित्रं होती. एक साधं, एकावर लाल फुली.

"ही फुली कशाची गं?"

"जुना डबा हाय मावशी. फळीवरचा."

"साहेबांच्या पडद्यावर एकच चित्र हाय. फुलीवालं न्हाई."

ती मग उठून डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बघून आली. खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे ह्यो झोपेतून उठला की आधी जुन्याला शोधून राहिला. जुना जवाब देत न्हाई, ह्यो वाट बघतो. दमला की मग सगळं मोकळं होतं."

"मग काढून टाक की फुली."

"मी कामाला लागले तवाच सरांनी माझी सही घेतलीय मावशी. त्याला हात लावायचा न्हाई, बॅकअप हाय. फोटो गेले तर भरून मी द्यायचे."

तरी तिने त्यांना फोन केला. "सर, जुन्या डब्याची जोडणी काढून बघू का?"

"नाव काढायचं न्हाई त्याचं!" सर ओरडले. "डबल सेफ्टी हाय ती. तू आपलं बटणं दाबायचं काम कर."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी सरांना बोलावलं आणि स्वतः घरी जेवायला न जाता थांबले. बाहेर उमरीचा एक म्हातारा बसला होता. छातीचा मागचा फोटो आणि आजचा, दोन्ही शेजारी ठेवून बघायचे होते. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दोन वाजले. सुजाताने हात लावला. चक्र.

सर बूट घालून आत आले, पँट चिमटीत धरली, खाली शिरले. आम्ही तिघं त्यांच्या तळव्यांकडे बघत उभे. फोटो उघडले तेव्हा ते बाहेर आले. "झालं."

"आत्ता झालं," डॉक्टर म्हणाले. "उद्या?"

तेव्हा सुजाता बोलली. तिने सगळं सांगितलं. नवा कॉम्प्युटर, जुना डबा, लाल फुली.

सर डॉक्टरांकडे बघून हसले. "बघा साहेब. आता युजर आपल्याला शिकवाय लागली. अहो, त्या डब्यात सगळा बॅकअप हाय. काढला आन् उद्या नवा गेला तर?" मग माझ्याकडे वळून, "मावशी, चहा ठेवा की. कमी साखर."

मी स्टूल घेतलं. त्यांना वाटलं, साखरेचा डबा काढायला चढले. मी फळीवरचा काळा डबा खाली घेतला आणि डॉक्टरांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. वर दोन दसऱ्यांचं कुंकू, झेंडूची वाळलेली पाकळी आणि एकावर एक तीन स्टिकर.

"साहेब, ह्याला वायर कुठं हाय?"

डॉक्टरांनी तो उलटा केला, सुलटा केला. मागच्या भोकात कोळ्याचं जाळं होतं. 

"संगमेश, हा चालू आहे म्हणाला होतास ना?"

"चालूच हाय साहेब. म्हणजे... स्टँडबाय."

"आणि माऊस हलवाय बी ह्यांनीच सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी मोरीपाशी उभी होते." उशिरा म्हणाले, पण म्हणाले.

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं नाही. सुजाताला म्हणाले, "काढ."

तिने फुली काढली. कॉम्प्युटर झोपवला. थोडं थांबून हात लावला. पडदा उजळला आणि त्याच्यामागोमाग फोटो. मी अजून गॅससुद्धा पेटवला नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा झोपवायला लावला, पुन्हा उठवला. पुन्हा तसंच. म्हाताऱ्याच्या छातीचे दोन फोटो शेजारी शेजारी पडद्यावर उभे राहिले.

सरांनी गुडघे झटकले. "मी खालून वायर नीट घट्ट केली ना, म्हणून. सिस्टीम आपली ए-वन हाय."

असा माणूस. लाजेने मान खाली जाईल असं मला उगाच वाटलं होतं. त्यांची मान खाली जायला खाली वायरी असाव्या लागतात.

डॉक्टरांचंही सांगून टाकते. ते सुजाताला त्या दिवशी एवढंच म्हणाले, "चला, पेशंट घ्या." दुसऱ्या महिन्यात कायम झाल्याचं पत्र तिच्या टेबलावर येऊन पडलं. चूक झाली असं कुणी म्हणालं नाही. ती भोकरहून येत राहिली, अजून येते, आता जेवताना दोन्ही हात मोकळे. सरांनाही डॉक्टरांनी लगेच सोडलं नाही. दुसरा माणूस शोधायचा कंटाळा, शिवाय दोन डब्यांचं आपण चार लोकांत सांगितलेलं. वर्षभर तेच यायचे. बूट घालून.

मेलेला डबा मी मागून घेतला. घराचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावते. चांगला जड आहे. त्याचा एवढा उपयोग आहे हे सरांना कधी कळलं नाही.

मागच्या महिन्यात लेकीकडे लातूरला गेले होते. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून तिने एका दवाखान्यात नेलं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. काउंटरवरच्या पोरीने माझं नाव घेतलं आणि पडद्याकडे बघत बसली. "थांबा आजी, उघडंना झालंय." मागे लाइन वाढली. आतून एक मॅडम आल्या, त्या पोरीवर खेकसल्या. तेवढ्यात दारातून सर आले. केस काळेभोर रंगवलेले, पोट सुटलेलं. दारावर 'चप्पल बूट बाहेर काढा' अशी पाटी. खालून ओळख पटली. तेच टोकदार बूट, आत.

"काय न्हाई मॅडम," ते म्हणाले, "सिस्टीम आपली ए-वन हाय. युजर प्रॉब्लेम असतो ह्यो."

पोरीने मान खाली घातली. सुजाता घालायची तशीच.

सरांनी मला पाहिलं. "मावशी! इकडं कुठं?"

"डोळे दाखवाय आले."

"ओळखलं का ओ मला?"

"तुमाला कोण इसरंल?" मी म्हणाले, आणि काउंटरवर वाकून पोरीला विचारलं, "बाई, तुज्या पडद्यावर लाल फुली हाय का बघ बरं, डब्याच्या चित्रावर."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाय की आजी. दोन हायत."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी गुडघ्यावरची पँट चिमटीत धरली, वर ओढली आणि टेबलाखाली शिरले. बाहेर फक्त तळवे राहिले, काळ्या मातीने भरलेले.